तीस वर्षं वापरलेलं नवं रीळ

मला माशांबद्दल जे काही कळतं ते मासा ताटात आल्यानंतरचं. त्याआधी तो कुठं राहतो, काय खातो, कशाला भुलतो याची चौकशी मी कधी केली नव्हती. आणि आयुष्य कुठं गेलं म्हणाल, तर तुर्कस्तानातल्या इझनिकच्या तळ्याकाठी. आमच्या गल्लीच्या टोकावरून खडा भिरकावला तर पाण्यात पडतो. तरीही हातात गळ न धरलेली माणसं गावात दोनच सापडतील. एक मी, आणि दुसरा आमचा शेजारी, ज्याला पाण्याची भीती वाटते. मला तेवढंही कारण नाही.

धंदा माझा कवळ्यांचा. दाताचे डॉक्टर माप पाठवतात, मी दात बनवून देतो. लोकांना वाटतं यात कला म्हणजे दात पांढराशुभ्र करणं. चूक. साठीच्या माणसाच्या तोंडात नवा दात बसवायचा तर तो शेजारच्या दातांइतकाच म्हातारा दिसायला हवा, जरा पिवळट, कडेला झिजलेला. नव्याला जुनं करण्यात माझा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नाही, असा माझा समज होता.

आमची एकुलती एक लेक बेर्रिन एस्किशेहिरच्या इस्पितळात नोकरीला आहे. तिथं तिनं तोल्गा नावाचा मुलगा पसंत केला. त्याच्या घरचे मागणी घालायला यायचे होते, त्याआधी तोंडओळख म्हणून व्हिडिओ कॉल झाला. तिकडे तोल्गाचे वडील वेहबी बे, रेल्वेतून निवृत्त झालेले, मिशा अशा की चहा गाळून पीत असावेत. शेजारी त्यांची बायको सादेत हानम, ताठ बसलेली. आमच्याकडे आदरानं पुरुषाला बे म्हणतात, बाईला हानम. इकडे मी, वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली पायजमा, आणि माझी बायको म्युनेव्वर. हवापाणी झालं, तब्येती झाल्या, ऑलिव्हचं पीक झालं, आणि बोलणं संपलं. मग वेहबी बे म्हणाले, "तुम्ही नशीबवान बुवा, तळं दारात! मला कार्प मासा धरायचा नाद आहे. तीस वर्षं झाली."

"काय सांगता!" मी म्हणालो. "मलाही. तीस वर्षं."

जिभेला हाड नसतं हे मला माहीत होतं, पण माझ्या जिभेला लगामही नाही हे त्या दिवशी कळलं. टेबलाखालून म्युनेव्वरनं लाथ मारली, ती पोचेपर्यंत उशीर झाला होता.

"मग ठरलं!" वेहबी बे खूष झाले. "मागणी संध्याकाळी. दुपारी आपण दोघं किनाऱ्यावर. मी माझी काठी घेऊन येतो."

फोन ठेवला आणि लगेच बेर्रिनचा आला.

"बाबा, तुम्ही मासा कधी धरलात हो?"

"अगं, धरला नसेल, पण..."

"सादेत हानमना खोटं खपत नाही, बाबा. तोल्गाची आधीची सोयरीक का मोडली माहीत आहे? मुलीकडचे म्हणाले होते, आमची ऑलिव्हची बाग आहे. ह्या स्वतः जाऊन बघून आल्या. चार झाडं निघाली, तीही चुलत्याची. त्याच दिवशी अंगठी परत!"

"मग खरं सांगून टाकू का?"

"आता? म्हणजे पहिल्याच बोलण्यात थाप मारली असं होईल ना!" ती थांबली. "बाबा, मला हा मुलगा हवाय. खरंच हवाय." लहानपणी गुडघा फुटला की तिचा आवाज असा व्हायचा. मग म्हणाली, "आणि त्यांच्याशी काय बोलायचं ते बोला, पण यापुढं माझ्याशी तरी खोटं बोलू नका."

मी शब्द दिला. पोरीचा संसार मांडायच्या आधीच बापानं त्याला टाचणी लावली होती. म्युनेव्वर म्हणाली, "अहो, फोन करा आणि म्हणा गंमत केली." पण एवढा सरळ मार्ग मला कधी पसंत पडला आहे? मी म्हणालो, "तू बाकलाव्याच्या मिठाईचं बघ. माशाचं मी बघतो." त्यावर तिनं माझ्याशी बोलणंच सोडलं.

दुसऱ्या दिवशी मी हिकमेतच्या दुकानात गेलो. गळ, काठ्या, रिळं, सगळं तिथं मिळतं. आमच्याकडे दुकानात पाऊल टाकलं की आधी चहा येतो आणि मग प्रश्न. आणि ज्याचा चहा प्यायलात त्याचा सल्ला डावलणं म्हणजे त्याच्या तोंडावर पेला उलटा करणं. त्या दिवशी शेगडीभोवती दोन रिकामटेकडे बसले होते, ताहसिन खाटीक आणि निवृत्त पोस्टमन रऊफकाका. दोघांनी मला चहा पाजला, हिकमेतनं पाजला तो वेगळा.

"कार्पसाठी काठी आणि रीळ हवंय," मी म्हणालो. "एका मित्राला द्यायचंय."

"मित्राचा हात कसा आहे?" हिकमेतनं विचारलं.

"माझ्यासारखाच."

"अरेरे," रऊफकाका म्हणाले.

हिकमेतनं एक बारा फुटी काठी काढली, दोन तुकडे जोडले आणि शेंडा हलवून दाखवला. "ही ने, नेवझातभाऊ. बघ कशी लवते. कार्पचा ओठ मऊ, हिसका बसला की फाटतो. काठीनं वाकायचं आणि माशानं दमायचं. आणि हे रीळ. याच्या मागं हा खटका बघितलास? हा लावून ठेवला की दोरी मोकळी. मासा आमिष घेऊन पळाला तर पळू दे. तू आपला सावकाश उठ, चहाचा पेला खाली ठेव, दांडी फिरव. खटका पडतो, दोरी धरते, मासा तुझा."

इतकं सोपं होतं. आजही ते आठवलं की मला स्वतःच्या दोन कानशिलात द्याव्याशा वाटतात. कारण मी त्यावर विचारलं काय, तर "हे रीळ तीस वर्षांपूर्वी मिळायचं का?"

"तीस वर्षांपूर्वी? हे गेल्या वसंतात आलंय!"

"मग नको."

हिकमेत माझ्याकडे बघतच राहिला. आता त्याला काय सांगणार की मला मासा धरायचा नाही, तीस वर्षांचा अनुभव धरायचा आहे! सादेत हानमनी ते चकचकीत खटकेवालं रीळ पाहिलं आणि विचारलं, हे कधी घेतलंत, तर?

तेवढ्यात ताहसिननं तोंड घातलं. "लवणारी काठी काय कामाची? कार्प म्हणजे पाण्यातलं वासरू! मी रोज वासरं बघतो, मला विचार. ती कोपऱ्यातली दे त्याला, समुद्रावरची. खांबासारखी आहे." त्याचा चहा माझ्या पोटात होता. मी काठी घेतली.

"आणि दोरी जाड ने बाबा," रऊफकाका म्हणाले. "मी चाळीस वर्षं टपालाचे गठ्ठे बांधले. बारीक दोरीनं कोणाचं भलं झालेलं नाही." तीही घेतली.

रीळ मी स्वतः निवडलं, म्हणजे ते पाप दुसऱ्या कोणाच्या माथी मारता येत नाही. कपाटावर धूळ खात एक खोका पडला होता. हिकमेतच्या वडिलांनी कधीकाळी मागवलेलं परदेशी रीळ, कोणी घेतलं नाही म्हणून डब्यातच राहिलेलं. खटका नाही, वजन कलिंगडाएवढं, पण घडण जुन्या काळची. मला तेच हवं होतं. फक्त डब्यात राहिल्यामुळं ते नवरीच्या बांगडीसारखं चमकत होतं.

"भाऊ, काठी एकीकडची, रीळ दुसरीकडचं, दोरी तिसरीकडची," हिकमेत म्हणाला. "ही तिघं एकमेकांशी बोलणार नाहीत रे."

"आमच्या घरात तरी कोण बोलतंय?" मी म्हणालो आणि निघालो.

मग मी माझ्या खऱ्या कामाला लागलो. नव्याला जुनं करणं! दातांच्या खोलीत दार लावून बसलो आणि म्युनेव्वरचा टाच घासायचा दगड आणला. झीज कुठं असते हे मला माहीत होतं. जिथं रोज बोट लागतं तिथं. दांडीची मूठ घासली, दोरी अडकवायच्या पट्टीची कड घासली, मग कडक चहाच्या पाण्यात रंग दिला. रीळ हातात धरून दिव्याखाली पाहिलं आणि मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. त्याच्याकडं बघून कोणीही म्हणालं असतं, याच्या मालकानं थंडीवाऱ्यात उभ्या जन्माचे मासे धरले आहेत. तो मालक मात्र फोनवर एका टोपीवाल्या माणसाचे व्हिडिओ बघून गाठ मारायला शिकत होता. टोपीवाला प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी बोट वर करून म्हणायचा, "कार्पशी भांडायचं नसतं, मित्रांनो, त्याला आपलंसं करायचं असतं."

ठरलेल्या दिवशी पाहुणे आले. सादेत हानमनी आमच्या घरावरून एक नजर फिरवली, पडद्यांपासून पायपुसण्यापर्यंत, आणि मला वाटलं की ही बाई भिंतीतला ओलावासुद्धा ओळखेल. बायका स्वयंपाकघरात गेल्या. आम्ही दोघं काठ्या घेऊन तळ्यावर.

विलोच्या झाडाखाली मी आमिषासाठी सूर्यफुलाची पेंड मळायला घेतली. वेहबी बे उकडलेला मका काढून बसले.

"टाका आधी तुम्ही," ते म्हणाले.

"छे छे, पाहुण्यांचा मान पहिला."

"तळं तुमचं, मान तुमचा."

असं बराच वेळ चाललं. शेवटी मी गळ फेकला. तो माझ्या बुटांपासून फार दूर गेला नाही. "इथले कार्प काठाशीच चरतात," मी म्हणालो. वेहबी बेंनी मान डोलवली आणि आपला फेकला. तो आडवा जाऊन लव्हाळ्यात पडला. "कार्पला लव्हाळी आवडतात," ते म्हणाले. मी मान डोलवली. काठ्या दोन बेचक्यांवर टेकवल्या, शेंड्याला घुंगरू बांधलं आणि चहाचा थर्मास उघडला. माझ्या रिळाचा, दोरी सैल-घट्ट करायचा पेच मी कचकचून आवळला होता. मला वाटलं, एवढ्या महागाची वस्तू, सैल राहून कुठं निसटायला नको.

"तुम्हाला सांगतो व्याही," वेहबी बे पाण्याकडं बघत म्हणाले, "कार्पशी भांडायचं नसतं..."

"...त्याला आपलंसं करायचं असतं," मी बोलून गेलो.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. दोघांनी चहाचा घोट घेतला. मग माझी नजर त्यांच्या रिळावर गेली आणि तिथंच अडकली. रीळ जुनं होतं, मळकं होतं, चकाकी कुठंही नव्हती. कुठंही म्हणजे दांडीच्या मागच्या खोबणीतसुद्धा, जिथं माणसाचं बोट जाऊच शकत नाही. वापरानं झिजलेली वस्तू अशी सगळीकडून सारखी झिजत नाही. कवळी असो की रीळ, एवढं मला कळतं. चोराची पावलं चोराला ठाऊक! त्या तीस वर्षांच्या कार्पवाल्यानं आपलं रीळ गेल्याच आठवड्यात घासलं होतं.

माझ्या छातीवरची धोंड उतरली. आणि मला त्या मिशांचं एकदम प्रेम वाटलं. आता सांगून टाकावं, दोघांनी पोट धरून हसावं, असं मनात आलं. मी तोंड उघडलं, आणि माझं घुंगरू वाजलं.

साधं किणकिणलं नाही. कोणी लग्नाची वरात आणल्यासारखं वाजायला लागलं.

"मासा!" वेहबी बे ओरडले. "घ्या, घ्या!"

"तुम्ही घ्या!" मी ओरडलो. कारण घ्या म्हणजे नेमकं काय करायचं हे टोपीवाल्यानं दाखवलं होतं, पण त्या भागात माझी रेंज गेली होती.

"काठी तुमची आहे!"

"पाहुणे तुम्ही आहात!"

"असं कसं, वयानं तुम्ही मोठे!"

"हुद्द्यानं तुम्ही!"

आम्ही एकमेकांना हातानं वाट दाखवत उभे, आणि तिकडं पाण्यातलं ते वासरू ओढतंय. काठी लवणारी असती तर लवली असती. रिळाला खटका असता तर दोरी मोकळी सुटली असती. दोरी बारीक असती तर निदान तुटली असती. ताहसिनची काठी, रऊफकाकांची दोरी आणि माझा आवळलेला पेच, तिघांनी जन्मात पहिल्यांदा एकमत केलं. काठी बेचक्यावरून उडाली, गवतातून सरपटत गेली आणि तळ्यात शिरली. घुंगरू पाण्याखाली जाईपर्यंत वाजत होतं.

आम्ही पाण्याकडं बघत उभे राहिलो.

"मोठा होता," वेहबी बे म्हणाले.

"फारच मोठा," मी म्हणालो.

घरी दारातच सादेत हानमनी माझी काठी कुठं म्हणून विचारलं, आणि वेहबी बेंनी सांगून टाकलं, मासा घेऊन गेला.

संध्याकाळी दिवाणखान्यात सगळे बसले. बेर्रिननं कॉफी आणली. रीतीप्रमाणं, मुलाचा कस बघायला, तोल्गाच्या कपात तिनं मीठ घातलं होतं, चांगलं सढळ हातानं असावं, कारण पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्यानं तोंड वाकडं न करता कप रिकामा केला. मला मुलगा आवडला. आता वेहबी बेंनी मागणीचे शब्द उच्चारायचे, मी हो म्हणायचं, की झालं. त्यांनी घसा खाकरला.

"एक मिनिट," सादेत हानम म्हणाल्या. त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडं वळल्या. "नेवझात बे, मघापासून मनात येतंय. तीस वर्षं मासे धरणाऱ्या माणसाची काठी मासा घेऊन जातो, हे कसं काय झालं?"

माझ्याजवळ उत्तर तयार होतं. पेच जुना झाला होता, दोरी अडकली होती, मासा राक्षस होता. तोंडाशी आलंही. पण बेर्रिन रिकामा ट्रे छातीशी धरून दारात उभी होती आणि माझ्याकडं बघत होती. त्या चेहऱ्यासमोर मला थाप मारवेना. उद्या तिला त्या घरात नांदायचं होतं, आणि माझी एक थाप निभवायला तिला आयुष्यभर आणखी थापा माराव्या लागल्या असत्या.

"सादेत हानम," मी म्हणालो, "मी जन्मात मासा धरलेला नाही. काठी परवा परवा घेतली. रीळ जुनं दिसावं म्हणून दगडानं घासलं. तुमच्या माणसांवर छाप पडावी म्हणून थाप मारली. दोष सगळा माझा, यात पोरीचा काही नाही. चार झाडंसुद्धा नाहीत माझी, पण खोटं म्हणाल तर एवढंच."

म्युनेव्वरनं डोळे मिटून घेतले. तोल्गा पायातल्या सपातांकडं बघत राहिला. सादेत हानम हळूच नवऱ्याकडं वळल्या.

"वेहबी, तू तीस वर्षांचा जाणकार. तुझं काय म्हणणं?"

मी त्यांच्याकडं पाहिलं. आता बोलेल, मला वाटलं. आता हा मिशांना पीळ देईल आणि म्हणेल, व्याही, मीही त्यातलाच. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मिशीचं एक टोक हललं. मग ते बायकोकडं वळले आणि शांतपणे म्हणाले, "मला किनाऱ्यावरच कळलं होतं, हानम. त्यांनी पेंड मळली तिथंच. आम्ही जुनी माणसं, हात बघून ओळखतो. त्यांना लाज वाटू नये म्हणून गप्प बसलो. पण तुला सांगतो, तीस वर्षांत थापाडे पुष्कळ पाहिले मी. भर बैठकीत कबूल करणारा हा पहिलाच."

काय हा निर्ढावलेपणा! माझ्या तळव्याची आग मस्तकात गेली. एक वाक्य, फक्त एक वाक्य माझ्या जिभेवर नाचत होतं, दांडीमागच्या खोबणीचं. ती जीभ, जिला आयुष्यात कधी लगाम घालता आला नव्हता. मी बेर्रिनकडं पाहिलं. ती श्वास रोखून उभी होती. मी ती जीभ दातांखाली धरली. दात माझे स्वतःचे आहेत, लागले.

सादेत हानमनी कप पुन्हा उचलला, शेवटचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "कॉफी छान झाली होती, बेटा." आणि नवऱ्याला म्हणाल्या, "बोल आता."

वेहबी बेंनी अल्लाचं नाव घेऊन मुलीला मागणी घातली. मी दिली. आवाज जरा घोगरा आला, सगळ्यांना वाटलं बापाला गहिवरून आलं. तेही खरंच होतं.

निघताना दारात बूट घालायची गर्दी झाली. वेहबी बेंनी मला मिठी मारली, दोन्ही गालांवर मिशा टेकवल्या आणि कानाशी येऊन पुटपुटले, "नुसता दगड नाही चालत, व्याही. तुमच्या रेघा सगळ्या एकाच दिशेनं होत्या. वर राख चोळायची, गोल गोल. आणि पुढच्या वेळी हल्ली मिळतं तसलं खटकेवालं रीळ घेऊ, दोघांना एकसारखं."

गाडी वळणापलीकडं गेली. आमच्याकडे म्हणतात, एका कप कॉफीची याद चाळीस वर्षं ठेवावी. म्हणजे या माणसाचं गुपित मला चाळीस वर्षं सांभाळायचं होतं. बेर्रिननं माझा हात धरला. तिचा हात अजून थंडगार होता.

"बाबा, काय म्हणाले ते कानात?"

"कार्पवाल्यांचं एक गुपित सांगितलं," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं रोखून पाहिलं. "खरं?"

"खरं," मी म्हणालो, आणि तेवढं खरंच होतं.